पहिली वही लायब्ररीत देताना

तुझी चित्रांची वही लोकांनी चाळायला लायब्ररीत द्यायची ठरवलीस, छान. पण आधी प्रत्येक पान स्कॅन कर, निदान उजेडात मोबाइलवर फोटो तरी काढ. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन आर्ट लायब्ररीचं उदाहरण घे. तिचा ‘स्केचबुक प्रोजेक्ट’, म्हणजे लोकांच्या चित्रवह्यांचा संग्रह, २००६ साली अमेरिकेतल्या अटलांटात सुरू झाला आणि पुढे ब्रुकलिनला गेला. जगभरातून आलेल्या, साधारण ५ बाय ७ इंचांच्या हजारो वह्या तिथे कुणीही मागून चाळू शकायचं. २०२२ मध्ये संग्रह फ्लोरिडाला हलवताना ट्रकला आग लागली आणि हजारो वह्या गेल्या. ज्यांच्याकडे स्कॅन नव्हते, त्यांच्याकडे काय उरलं असेल?

दुसरं, वही शंभर हात चाळणार हे धरून चाल. चारकोल आणि मऊ पेन्सिल (६बी वगैरे) समोरच्या पानावर उतरतेच. फिक्सेटिव्हचे (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) दोन पातळ हात दे, मध्ये बटर पेपर लाव. माझ्या पहिल्या वहीत मी हे केलं नाही; वर्षभरानं पाहिलं तर म्हातारीच्या चेहऱ्यावर शेजारच्या पानातली बैलगाडी उमटलेली! पातळ कागदावर जलरंग नकोच, पान सुरकुततं. जाड कोलाजनं वही फुगते, मग शिलाई सुटते.

आत नाव, साल, गाव लिही. घरचा पत्ता, फोन नको. ओळखीच्यांची चित्रं असतील तर त्यांना विचारून घे.

आणि फसलेली पानं फाडू नकोस रे. मी तरी दुसऱ्यांच्या वह्यांत आधी तीच शोधतो.