‘रन’ या एका शब्दाला इतके अर्थ कसे?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात नववीत शिकते. ‘रन’ म्हणजे धावणे एवढेच तिला ठाऊक होते; परंतु मोठ्या इंग्रजी शब्दकोशात या शब्दाखाली पानभर अर्थ पाहून ती गोंधळली आहे. हा एकच शब्द आहे, की सारखे दिसणारे अनेक शब्द आहेत? आणि हे सारे अर्थ तिने पाठ करावेत काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मुलीचा गोंधळ रास्त आहे. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशासाठी या शब्दाची नोंद नव्याने तपासली गेली, तेव्हा केवळ क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदवावे लागले आणि पीटर गिलिव्हर या कोशकारांचे सुमारे नऊ महिने त्या कामात गेले. त्याआधी, १९८९ साली निघालेल्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता.

तरीही ‘रन’ हा एकच शब्द आहे. ‘बँक’चे तसे नाही. नदीकाठाचा ‘बँक’ स्कँडिनेव्हियन भाषांकडून आला आणि पैशांची ‘बँक’ सावकाराच्या बाकासाठी असलेल्या इटालियन शब्दावरून आली; इंग्रजीत दोघांचे रूप सारखे असले, तरी ते दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द आहेत. ‘रन’चे सगळे अर्थ मात्र एकाच मुळातून फुटलेले आहेत. प्राचीन इंग्रजीपासूनच हे क्रियापद पायांनी धावणाऱ्यासाठी जसे वापरले जाई, तसेच वाहत्या पाण्यासाठीही वापरले जाई. आज नाक वाहते, नळ वाहतो किंवा धुण्यात कपड्याचा रंग जातो, तेव्हा इंग्रजीत ‘रन’ येतो तो याच प्रवाहाच्या अर्थाने. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात बुल रन नावाचा ओढा आहे आणि १८६१ साली तेथे यादवी युद्धातील एक मोठी लढाई झाली. या नावातील ‘रन’ म्हणजे ओढाच.

यंत्रयुगात या शब्दाचा पसारा फार वाढला. गिरण्या, आगगाड्या, घड्याळे आणि पुढे संगणक अशा अखंड चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला इंग्रजीने हेच क्रियापद लावले. यंत्र चालवणाऱ्यावरून ते संस्था चालवणाऱ्याकडे गेले, म्हणून शाळा किंवा खाणावळ चालवणे हेही ‘रन’च. येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण यातील बहुतेक ठिकाणी आपण ‘चालणे’ वापरतो. घड्याळ चालते, दुकान चालते, नाटकाचा प्रयोग तीन तास चालतो, एखादी रीत घराण्यात चालत येते. इंग्रजी धावण्यावरून जेथे पोहोचली तेथे मराठी चालण्यावरून पोहोचली, आणि आपल्या मुलीला हे एकदा दाखवून दिले की अर्ध्याहून अधिक परकेपणा नाहीसा होईल, असे मला मनापासून वाटते. मात्र ही जोडी सर्वत्र जुळत नाही. रस्ता इंग्रजीत ‘रन’ होतो, मराठीत तो जातो. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो, आणि आपला उमेदवारही उभाच राहतो.

नामाचीही अशीच कथा आहे. क्रिकेटमधील ‘रन’ हा खरोखर धावण्यातून आला आणि मराठीने त्याला ‘धाव’ म्हटले. आता चौकार मारल्यावर कोणी न धावताही चार धावा मिळतात आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. अर्थविस्तार असाच होत असतो.

राहता राहिला पाठांतराचा प्रश्न. अर्थांची यादी कृपा करून पाठ करवून घेऊ नये. आपण ज्या बृहत् कोशांविषयी बोलत आहोत ते इतिहासासाठी असतात आणि त्यांत सर्वांत जुना अर्थ आधी येतो. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत सहसा अधिक वापरातला अर्थ आधी येतो, म्हणून नववीच्या मुलीजवळ तसाच कोश असावा. वाक्यात ‘रन’ दिसला की ‘रन’चा कर्ता कोण आणि त्याला कर्म आहे का, एवढे तिने पाहावे. कर्ता माणूस असून कर्म नसेल तर बहुधा धावणे, कर्म शाळा किंवा दुकान असेल तर चालवणे, कर्ता पाणी असेल तर वाहणे. एवढ्यावर पाठ्यपुस्तकातील बहुतेक वाक्ये उलगडतात.

ज्या थोड्या जोड्यांचा अर्थ तर्काने लागत नाही, त्या मात्र पूर्ण वाक्यासह लक्षात ठेवाव्या लागतात. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक गाठ पडणे किंवा धडकणे, ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणे. ‘रन आउट’ला क्रिकेटमध्ये आपण धावबाद म्हणतो, स्वयंपाकघरात कोणी ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ म्हणाले, तर साखर संपली आहे.