यकृताची सूज की यकृताचा दाह?

सोलापूरहून एका परिचारिकाताईंनी विचारलंय: फॅटी लिव्हरवर पेशंटसाठी मराठी पत्रक लिहितेय. ‘इन्फ्लमेशन’ला सूज म्हणू की दाह? आणि ‘कुप्फर सेल्स’ना काय लिहू?

ताई, दाह लिहा. ‘लिव्हरला सूज आहे’ असं सगळेच म्हणतात, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. चरबी साठली की यकृत आकाराने वाढतं, सोनोग्राफीत मोठं दिसतं. तेव्हा दाह असेलच असं नाही. दाह चालू असूनही पेशंटला काही जाणवत नाही, असंही पुष्कळदा घडतं. सूज म्हटलं की माणूस हाताला लागणारं, डोळ्यांना दिसणारं काहीतरी शोधतो आणि ते नसलं की निर्धास्त होतो. मला याचीच काळजी वाटते.

विश्वकोशात ‘शोथ’ म्हणजे ‘दाहयुक्त सूज’ असं दिलेलं आढळतं. शब्द नेमका आहे, पण पत्रक वाचणाऱ्याच्या तोंडी नाही. तुमच्या शेजारच्या कन्नडमधला ‘उरियूत’ मला फार आवडतो: उरि म्हणजे जळजळ, ऊत म्हणजे सूज. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या पेशंटना समजावताना तो जरूर वापरा.

कुप्फर हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाचं आडनाव. १८७६ मध्ये त्यांनी यकृतातल्या ताराकृती पेशींचं वर्णन केलं. (त्या पेशी वेगळ्याच होत्या हे पुढे कळलं, पण कुप्फर हे नाव यकृतातल्या जंतू गिळणाऱ्या पेशींना चिकटलं ते चिकटलंच.) पत्रकात ‘यकृतातल्या भक्षक पेशी’ लिहा. आतड्याकडून येणाऱ्या रक्तातले जंतू आणि जुन्या झालेल्या तांबड्या पेशी त्या गिळतात, त्यातलं लोह शरीराला परत मिळतं. मात्र ‘भक्षक’ शब्दात त्यांचं दुसरं काम येत नाही: त्या दाह वाढवणारी रसायनंही सोडतात. तेवढं एक वाक्य वेगळं घाला.

पत्रकात ‘मेटाबॉलिझम’ आलाच, तर त्याला चयापचय लिहा. चय म्हणजे शरीरातली बांधणी, अपचय म्हणजे मोडणी. ‘पचन’ लिहिलंत तर वाचणारा पोट आणि ॲसिडिटीकडे जाईल.

वाक्य असं करता येईल: ‘यकृतात चरबी साठून पेशींना इजा झाली, की तिथल्या भक्षक पेशी दाह वाढवतात, त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि रक्तातली साखर वाढू शकते. दाह वर्षानुवर्षं राहिला तर यकृत कडक होत जातं.’