वीरगळाला खडू लावू नका, ऊन फिरेपर्यंत थांबा

प्रवासात कॅमेऱ्यातून पाहिलेली कोणती कला मनात राहिली आणि मावळातल्या जुन्या शिल्पांचे फोटो काढायला कोणती लेन्स न्यावी, असं तुम्ही विचारलंय. लेन्सचं आधी सांगते. असेल ती न्या, कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स पुरते. मनात राहिले ते वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभे केलेले कोरीव दगड, आणि त्यातही एका वीरगळावरचं माझ्या अंगठ्याएवढं वासरू.

सात-आठ वर्षं झाली. जानेवारीत आमचा ग्रुप पुरंदर तालुक्यातल्या एका गावात गेला होता. भैरवनाथाच्या देवळापुढे सहा वीरगळ भिंतीला टेकवून ओळीनं उभे केलेले, सगळ्यांची तोंडं पूर्वेला. आम्ही सव्वाआठला पोचलो. ऊन थेट दगडाच्या तोंडावर, आणि कोरीव काम जणू पुसून टाकल्यासारखं. डोळ्यांना थोडंफार तरी जाणवत होतं, स्क्रीनवर नुसता करडा दगड.

ग्रुपमधल्या ज्येष्ठांना आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांनी सॅकमधून पांढरा खडू काढला आणि आकृत्यांच्या कडांवरून फिरवायला सुरुवात केली. मी म्हटलं, "दादा, नका ना लावू, दगड खराब होईल." ते म्हणाले, "अगं, पहिल्या पावसात धुऊन जातो. आणि गावकरी शेंदूर फासतात, ऑइल पेंट देतात, ते चालतं का तुला?" सगळे त्यांच्या बाजूनं बोलले. देवळात दिवा लावायला आलेल्या आजी मात्र थबकल्या. "आमचा वीर हाय त्यो, त्याच्या अंगावर कशाला रेघोट्या मारताय?" म्हणाल्या. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

दोन दगडांवर खडू फिरला, फोटो झाले, मंडळी मिसळ खायला गेली. मी तिथंच थांबले. अकरानंतर ऊन दगडाच्या तोंडावरून सरकायला लागलं. पावणेबाराला ते डावीकडून, वरून, दगडाला घासून येत होतं आणि प्रत्येक उठावाला सावली फुटली. त्यातल्या एका दगडाच्या मधल्या चौकटीत वीराला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या अप्सरा, त्यांच्या अंबाड्यांसकट. वरच्या चौकटीत शिवलिंग, पूजा करणारा वीर, माथ्यावर चंद्रसूर्य आणि कलश. अगदी खाली लढाई. ढाल घेतलेला माणूस आणि त्याच्या मागं तीन गाई, म्हणजे गावची गुरं राखताना हा पडला. शेवटच्या गाईच्या पोटाशी एक वासरू मान वर करून दूध पीत होतं.

हा दादांनी खडू फिरवलेल्या दोनांपैकीच एक. त्यांची पांढरी रेघ वासराच्या मानेवरून सरळ खाली आली होती. त्यांना तो गाईचा पुढचा पाय वाटला असणार. त्यांच्या फोटोत वासरू नाही. पाच पायांची गाय आहे.

खडूनं दगड झिजतो की नाही यावर खूप वाद घातलाय आम्ही. झिजतोच, कारण झीज झालेल्या दगडावर घासलं की कण सुटतात आणि भुकटी छिद्रांत बसते. पण त्याहून मोठी गोष्ट मला त्या दिवशी कळली. खडू फिरवणाऱ्याला जे दिसलं तेच फोटोत उरतं, पाथरवटानं केलेलं उरत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. वीराचं नाव गेलं, घडवणाऱ्याचं तर कधी लिहिलंच नव्हतं. उरलाय तो फक्त आकार. मेलेल्या माणसाच्या दगडावर दूध पिणारं वासरू कोरावंसं ज्याला वाटलं, त्याच्या कामावर आपण आपली रेघ ओढायची?

शेंदराचं म्हणाल, तर मला ती तुलनाच मान्य नाही. गाव शेंदूर लावतं ते त्याला देव मानून. आपण खडू लावतो तो फोटोसाठी. दादा अजून हे मानत नाहीत. तो फोटो अजून त्यांच्या स्लाइड शोमध्ये असतो.

तेव्हा मावळात जाताना मोबाइलमधलं होकायंत्र वापरा. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन सगळ्यात चांगलं, हे शिल्पांना सरसकट लागू नाही. दगड पूर्वेकडे तोंड करून असेल तर दुपारच्या जरा आधी जा, पश्चिमेकडे असेल तर दुपार कलायला लागताच. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर हिवाळ्यात ऊन येतच नाही. तिथं, झाडाखाली किंवा गाभाऱ्यात टॉर्च बाजूनं, दगडाला जवळजवळ समांतर धरा आणि कॅमेरा स्टँडवर लावा. कॅमेऱ्यावरचा समोरून पडणारा फ्लॅश नको, तो सकाळच्या उन्हासारखाच सगळं सपाट करतो. मुंबईत असाल तर आधी बोरिवलीजवळचे एकसरचे शिलाहार राजांच्या काळातले वीरगळ बघून या. त्यांवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रावरची लढाई आहे, डोळा तयार होतो.

एक राहिलं. पाणी शिंपडल्यावर कोरीव काम उठून दिसतं म्हणून मीही सुरुवातीला बाटलीतलं पाणी ओतायचे. आता तेही करत नाही. आणि पूजेतल्या दगडाचा फोटो काढायच्या आधी तिथं असेल त्या माणसाला विचारा. त्या आजींना मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वासरू मोठं करून दाखवलं. त्या उठून दगडाशी गेल्या, पदरानं खडू पुसला आणि बोट फिरवून ते वासरू शोधलं. "लहानपणापासनं हितं दिवा लावते," म्हणाल्या, "हे न्हवतं बघितलं."