कोटेशन सगळ्यात शेवटी

अनेक आशीर्वाद.

तुमची गोळी बनवून देण्यासाठी तीन कारखान्यांची कोटेशन्स आलीत आणि त्यातला एक खूपच स्वस्त आहे, असं तू लिहिलंस. ती तिन्ही तूर्त बाजूला ठेव. गोळी कुणाच्याही मशीनवर निघो, पेशंटला अपाय झाला तर जाब तुमच्याच कंपनीला विचारला जाईल.

पहिली चौकशी कर ती त्या जागेत आणखी काय बनतं याची. पेनिसिलिनला वेगळी जागा आणि वेगळी हवा लागते, कारण त्याची कणभर धूळसुद्धा ॲलर्जी असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. हार्मोन किंवा कॅन्सरची औषधं तिथे बनत असतील, तर क्लीनिंग व्हॅलिडेशनमधली, म्हणजे मशीन धुतल्यावर आधीच्या औषधाचा किती अंश उरलेला चालेल याची मर्यादा कशावरून काढली ते विचार. सरसकट 10 पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) धरलं असेल तर ते पुरेसं नाही. मर्यादा त्या औषधाच्या विषारीपणावरून काढलेली असायला हवी.

मग मशीनचा आकार बघ. तुझी बॅच, म्हणजे एका वेळचा घाणा, 40 किलोची. पावडरची घनता लिटरला 0.5 किलो धरली तर ती जागा व्यापते 80 लिटर. ब्लेंडर साधारण अर्धा ते पाऊण भरला की मिश्रण नीट होतं. यांचा ब्लेंडर 600 लिटरचा असेल तर पावडर तळाशीच लोळत राहील, आणि तुझ्या कमी डोसच्या औषधात एका गोळीत जास्त, दुसरीत कमी असा प्रकार होईल. मोठा कारखाना म्हणून भुलू नकोस.

ऑडिटला गेल्यावर चकचकीत कॉरिडॉर बघण्यात वेळ घालवू नकोस, डेव्हिएशन रजिस्टर माग, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून काम जिथे ढळलं त्याच्या नोंदींची वही. वर्षभरात चारच नोंदी असतील तर चुका कमी झाल्या असं समजू नकोस, त्या लिहिल्या गेल्या नाहीत. प्रत्येक नोंदीखाली कारण ‘मानवी चूक’ आणि उपाय ‘पुन्हा प्रशिक्षण’ असेल, तर खरं कारण कुणी शोधलेलंच नाही. त्यानंतर नापास झालेल्या एका बॅचचं रेकॉर्ड तू स्वतः निवड, त्यांना निवडू देऊ नकोस. वजनकाट्याची छापील चिठ्ठी 10:42 ची आणि त्याच ऑपरेटरची 10:40 ची सही दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रॅन्युलेशनच्या (पावडरचे दाणे बनवण्याच्या) पानावर, असं आढळलं तर तिथेच थांब. ती पानं मागाहून भरलेली आहेत. लॅबमध्ये एचपीएलसीचा, म्हणजे औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचा, ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय केलं याची आपोआप होणारी नोंद) स्क्रीनवर उघडायला लाव. सगळे एकाच लॉगिनने काम करतात का, ‘ट्रायल’ नावाने यंत्रात नमुने सोडून निकाल आधीच गुपचूप बघितलेत का, ते बघ. मला विचारशील तर अख्ख्या ऑडिटमधला हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा.

तुमचं सिरपही तिथेच जाणार असेल, तर ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलच्या प्रत्येक ड्रमची डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल या विषारी भेसळीसाठी तपासणी होते का, हे बघितल्याशिवाय उठू नकोस. मर्यादा 0.10 टक्के. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर विसंबणं इथे अक्षम्य आहे. 2022 मध्ये गाम्बियात मुलांनी घेतलेल्या सिरपांत हीच विषं सापडली होती.

क्वालिटी ॲग्रीमेंट, म्हणजे दर्जाची जबाबदारी कुणाची हे ठरवणारा करार, व्यापारी करारापासून वेगळं कर. बॅच विक्रीसाठी कोण सोडणार, स्पेसिफिकेशनबाहेरचा निकाल किती दिवसांत कळवणार, तुला न विचारता काम तिसऱ्याकडे देता येईल का, हे स्पष्ट शब्दांत हवं. सगळ्यात कडक कलम बदलाचं असू दे: लेखी संमतीशिवाय पुरवठादार, मशीन, प्रक्रिया काहीही बदलायचं नाही. 2018 मध्ये व्हॅल्सार्टन हे रक्तदाबाचं औषध जगभर परत मागवावं लागलं, त्याच्या मुळाशी कच्च्या औषधाच्या प्रक्रियेतला बदलच होता. त्यातून एनडीएमए हे कॅन्सरचा धोका असलेलं रसायन तयार होत होतं आणि कित्येक वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

‘चार महिन्यांत माल बाजारात’ असं कुणी म्हणालं, तर त्याला वेळापत्रक मांडायला सांग. तुमच्या तपासणी पद्धती त्यांच्या लॅबला शिकवणं, ट्रायल बॅच, प्रक्रिया दर वेळी सारखाच माल देते हे सिद्ध करणाऱ्या व्हॅलिडेशनच्या साधारण तीन बॅचेस. आणि 40 अंश सेल्सिअस, 75 टक्के आर्द्रतेतली स्टॅबिलिटी (औषध किती टिकतं याची चाचणी) एकटीच 6 महिने घेते.

हे सगळं झालं की मग कोटेशन्स उघड. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेकदा स्टॅबिलिटी, क्लीनिंग व्हॅलिडेशन आणि पंच-डाय (गोळी दाबण्याचे साचे) धरलेले नसतात. त्यांच्या चुकीने बॅच नापास झाली तर त्यात गेलेल्या एपीआयची, म्हणजे मूळ औषधी द्रव्याची, भरपाई कोण करणार, हे जिथे लिहिलेलं नसेल तिथून आधी ते लेखी मागव. तुझ्या गोळीत सगळ्यात महाग एपीआयच आहे.