पीएचपीयुनिट शिकताय? आधी असर्टसेम वापरा

पीएचपीयुनिट, म्हणजे पीएचपी कोडच्या टेस्ट चालवणारं टूल, कंपोझरने (पीएचपीचा पॅकेज मॅनेजर) टाकताना डेव्ह डिपेन्डन्सी म्हणूनच, म्हणजे फक्त डेव्हलपमेंटपुरतं टाक, लाइव्ह सर्व्हरवर त्याचं काही काम नाही. आणि सुरुवातीपासून असर्टइक्वल्सच्या ऐवजी असर्टसेमची सवय लाव बरं का (दोन्ही अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर ताडून बघतात), कारण असर्टइक्वल्स टाइप बघत नाही, म्हणजे तुझ्या फंक्शनने आकडा 5 द्यायच्या ऐवजी स्ट्रिंग '5' दिली तरी टेस्ट हिरवी, म्हणजे पास होते आणि बग आत तसाच राहतो, असर्टसेम मात्र लगेच पकडतं. टेस्टच्या मेथडचं नाव 'test' ने सुरू कर किंवा तिला #[Test] अ‍ॅट्रिब्यूट लाव, नाहीतर ती टेस्ट म्हणून चालतच नाही. सेटअप नावाची मेथड प्रत्येक टेस्टच्या आधी नव्याने चालते, त्यामुळे ऑब्जेक्ट तिथेच बनव. डेटाबेसला हात लावणाऱ्या टेस्ट नंतर लिही, आधी साधी हिशेबाची फंक्शन्स घे, आणि प्रत्येक टेस्ट एकदा मुद्दाम फेल करून बघच!