आडनाव एक, घराणं दुसरंच?

प्रश्न : कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात राहणाऱ्या माझ्या मित्राचं आडनाव ड्रमंड. घरात मात्र 'आपण मूळचे स्कॉटलंडचे मॅकग्रेगर' असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे खरं असू शकतं का? तपासायचं कसं?

उत्तर : नक्कीच असू शकतं. मॅकग्रेगर म्हणजे गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत 'ग्रेगरचा मुलगा'. आर्गाइलमधल्या ग्लेन ऑर्की आणि ग्लेन स्ट्रे या दऱ्या त्यांचा जुना मुलूख. फेब्रुवारी १६०३मध्ये ग्लेन फ्रुइनच्या लढाईत त्यांनी शत्रूची मोठी कत्तल केली आणि एप्रिलमध्ये राजा सहाव्या जेम्सच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, हे आडनावच बेकायदा ठरवलं. लावणाऱ्याला देहदंड! मग कोणी ड्रमंड झालं, कोणी कॅम्पबेल, मरे, ग्रँट. बहुतेकदा ज्याच्या जमिनीवर आसरा मिळाला त्याचं आडनाव. याच कुळातला प्रसिद्ध रॉब रॉय आईचं कॅम्पबेल लावायचा. बंदी १६६१मध्ये उठली, १६९३मध्ये पुन्हा आली आणि १७७४मध्ये कायमची गेली. तोवर कित्येक घरांत नवं आडनाव मुरलं होतं. १७८६मध्ये नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला गेलेल्या धर्मोपदेशकाचं नावच जेम्स ड्रमंड मॅकग्रेगर होतं.

पण ड्रमंड हे पर्थशायरमधलं स्वतंत्र, जुनं कूळही आहे. त्यामुळे नुसत्या आडनावावरून काहीच ठरत नाही. आधी पूर्वजांचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावपरिसर, शोधा. नोव्हा स्कोशियातल्या जुन्या थडग्यांवर मूळ पॅरिश अनेकदा कोरलेलं असतं, ते पाहा.

ते सापडलं नाही, तर कॅनडात आलेल्या पूर्वजाच्या मायदेशी राहिलेल्या भावंडाचा माग काढा. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५पासून सुरू झाली. तिथल्या मृत्युनोंदीत वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनावही लिहितात. म्हणजे १८६०मध्ये वारलेली सत्तरीची बहीण तुम्हाला १७९०च्या आधीच्या जोडप्यापर्यंत नेते. 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी संकेतस्थळावर या नोंदी मिळतात.

१८५५च्या आधीच्या काळासाठी चर्चची पॅरिश रजिस्टरं. ती तुटक आहेत, पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव बहुधा असतं. बापाचं आडनाव बदललं, तरी आई-बाप-गाव हे त्रिकूट जुळलं की माणूस ओळखता येतो. 'ड्रमंड ऊर्फ मॅकग्रेगर' अशी नोंद हाती लागली तर सोनंच! शोधताना 'मॅक'ची पूर्ण (Mac) आणि संक्षिप्त (Mc, M'), सगळी रूपं टाकून पाहा. इथेच बहुतेकांचा शोध अडतो. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव, ही चाल दिशा दाखवते. तिला पुरावा मानू नका.

कागद संपले, की वाय-डीएनए, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणारा डीएनए. ड्रमंड आडनाव सरळ बापाकडून आलेल्या पुरुषाचीच चाचणी करा, किमान ३७ मार्करची (मार्कर म्हणजे डीएनएवरच्या तुलनेच्या जागा), आणि निकाल मॅकग्रेगरांशी ताडून पाहा. एका निकालावर विसंबू नका. दूरच्या चुलतभावाचीही चाचणी करा, कारण मधल्या एका पिढीत दत्तक झालं असेल, तरी धागा तिथेच तुटतो.