दहा दिवसांत आठ शहरं? आधी रात्री मोजा

प्रश्न : ताई, आमची परदेशातली ही पहिलीच ट्रिप. मी, नवरा आणि माझी आई (वय ६८, गुडघे दुखतात). नोव्हेंबरमध्ये दहा दिवस जपानला जायचंय. बघायचंही आहे आणि खायचंही, खरं तर खायचं जास्त. लिस्ट करत गेलो तर टोकियो, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योतो, नारा, हिरोशिमा आणि ओसाका अशी आठ नावं झाली. सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेचा, तेवढे दिवस हवं तितकं फिरायचा) काढला की सगळं बसतं असं नवरा म्हणतो. बसेल का?

उत्तर : ट्रेनच्या टाइमटेबलमध्ये बसेल हो, जेवणाच्या वेळा मात्र त्यात कुठेच बसणार नाहीत, आणि तुम्ही तर खायला चाललाय. म्हणून दिवस मोजू नका, रात्री मोजा. दहा दिवस म्हणजे नऊ रात्री. तिकडे चेकआउट साधारण दहा-अकराला आणि चेक-इन तीनला, म्हणजे हॉटेल बदललं की तो दिवस अर्धा गेलाच, आणि मोठ्या स्टेशनांमध्ये एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाताना एवढं चालावं लागतं की आईंचे गुडघे देवळाच्या आधी तिथेच थकतील.

मी तुमच्या जागी असते तर टोकियो चार रात्री, क्योतो तीन, ओसाका दोन. नारा क्योतोहून तासाभराच्या आतच आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. बाकीची चार नावं काढा. कानाझावा काढताना वाईट वाटेल, तिथलं ओमिचो मार्केट माशांसाठी सुंदर आहे, पण ते पुढच्या वेळी.

विमानाचं तिकीट टोकियोला उतरून ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत असं बघा, म्हणजे टोकियोला उलटं यावं लागत नाही. आणि मग पासची गरजच उरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला, जुने व्हिडिओ बघून लोक अजून तोच हिशेब करतात. तुमचा मोठा प्रवास एकच, टोकियो ते क्योतो, शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनचं तिकीट माणशी साधारण १४,००० येन. क्योतो ते ओसाका साध्या जेआर ट्रेनने अर्धा तास, सहाशे येनच्या आसपास. शहरात फिरायला सुईका किंवा इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, मशीनवर टेकवायचं की झालं.

शिनकान्सेनमध्ये उजवीकडची ई सीट घ्या, आभाळ स्वच्छ असेल तर टोकियो सोडल्यावर पाऊण तासाने फुजी दिसतो. आणि चढायच्या आधी टोकियो स्टेशनवर 'एकिबेन' म्हणजे प्रवासात खायचा डबा घ्या, तिथल्या एकिबेनया मात्सुरी नावाच्या दुकानात देशभरातले डबे मिळतात, कानाझावा राहिलं याचं दुःख तिथे थोडं भरून निघेल.

आता खाणं, कारण खरी चूक इथेच होते. लोक आधी बघायच्या जागांची यादी करतात आणि जेवण मधल्या फटींत कोंबतात. तुम्ही उलटं करा, कारण तिकडे प्रत्येक खाण्याला वेळ आहे. टोकियोत त्सुकिजीचा घाऊक बाजार २०१८ मध्ये तोयोसुला हलला पण बाहेरचा बाजार तिथेच आहे, आणि तो सकाळचा, दुपारी दोनपर्यंत बरीच दुकानं आवरतात, रविवारी तर अनेक बंदच. क्योतोचं निशिकी मार्केट, चारशेएक मीटरची छप्पर असलेली गल्ली, मी पहिल्यांदा संध्याकाळी सहाला गेले तर अर्ध्याहून जास्त शटर खाली, फार हळहळले होते. तिथे दुपारच्या आत जा, आणि जे घ्याल ते त्याच दुकानापाशी उभं राहून खा, चालता चालता खाल्लेलं तिथे आवडत नाही.

चांगल्या महागड्या हॉटेलात जेवायचं असेल तर दुपारी जा, तीच स्वयंपाकघरं दुपारचा सेट बऱ्याच कमी पैशात देतात. पण अडीचच्या सुमाराला बरीच ठिकाणं बंद होतात ती पाच-साडेपाचलाच उघडतात, आणि नेमकी तेव्हाच देऊळ बघून आलेल्या माणसाला भूक लागलेली असते, म्हणून साडेअकरा-बाराला जेवून घ्यायची सवय ठेवा. रामेनच्या (रश्शातल्या नूडल्सच्या) दुकानात दाराशी मशीन असतं, पैसे टाकायचे, बटण दाबायचं, आलेलं तिकीट काउंटरवर द्यायचं. जुलै २०२४ मध्ये नवीन नोटा आल्या, काही ठिकाणची जुनी मशीनं त्या घेत नाहीत, तेव्हा थोडी नाणी जवळ असू द्या.

आई दमलेल्या असतील त्या संध्याकाळी मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा, त्याला देपाचिका म्हणतात. सुशी, तळलेलं, सॅलड, मिठाई सगळं मांडलेलं असतं आणि बंद व्हायच्या आधी बऱ्याच डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात. रूमवर आणून पाय पसरून खा. माझ्या मते ट्रिपमधलं एक तरी जेवण असंच व्हावं.

नोव्हेंबरचा दुसरा अर्धा म्हणजे क्योतोत पानं लाल व्हायचा काळ, गर्दी खूप, हॉटेल आत्ताच धरा. कियोमिझुदेरा हे देऊळ सकाळी सहाला उघडतं, तेव्हाच जा. फुशिमी इनारी हे देवस्थान तर चोवीस तास उघडं आणि फुकट, पण ते २३३ मीटरच्या डोंगरावर चढत जातं. आईंनी खालच्या दाट लाल कमानींपर्यंत जाऊन परत फिरलं तरी डोळे भरून बघून होतं, तुम्ही दोघं वर जाऊन या.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी आहे. टोफूचा देश आहे म्हणजे काळजी नाही ना?

उत्तर : काळजी आहे, आणि ती टोफूची नाही, रसाची आहे. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, शिजवलेली भाजी, सगळ्याच्या खाली 'दाशी' असतो आणि तो बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचा. दिसायला भाजीच दिसते. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर मासा त्यात धरला जात नाही, म्हणून 'निकु मो साकाना मो ताबेमासेन' म्हणजे मांस नाही आणि मासाही खात नाही, आणि दाशीबद्दल वेगळं विचारा. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाचाही दाशी करतात, तो चालेल. हे सगळं जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा, काउंटरवर आठच खुर्च्या असलेल्या दुकानात गडबडीत बोलून समजावणं कठीण जातं.

क्योतोत मात्र बौद्ध मठांचं 'शोजिन र्‍योरी' नक्की जेवा, त्यात मांस-मासा नसतोच. अराशियामाला तेन्‍र्‍यूजी देवळाच्या आवारात शिगेत्सु नावाचं जेवणघर आहे, आधी बुकिंग करा. तिळाचा टोफू तोंडात टाकला की बाकीच्या दिवसांची शोधाशोध विसराल!

प्रश्न : तीन मोठ्या बॅगा घेऊन ट्रेन कशा बदलायच्या?

उत्तर : बदलूच नका. हॉटेलच्या रिसेप्शनवर 'ताक्युबिन' म्हणा, बॅग पुढच्या शहरातल्या हॉटेलवर साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत. बॅग सोबतच न्यायची असेल तर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेल्यास टोकियो-ओसाका शिनकान्सेनमध्ये बॅगेच्या जागेसकट सीट आधी रिझर्व्ह करावी लागते, म्हणून निघायच्या आधी घरीच टेप लावून बघा.